खोबरेल लावलेलं जॅकेट: बंद घरातल्या एका कपाटाचं प्रकरण

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी आम्ही गुहागरचं घर उघडलं. मे अखेरीस सासूबाई डोंबिवलीला आमच्याकडे आल्या, तेव्हापासून घराला कुलूप होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि माजघरालगतच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभं असलेलं सागवानी कपाट. पावसाचा सगळा मारा त्याच भिंतीवर. कपाटाचं दार इतकं फुगलं होतं, की भाऊजींनी चौकटीला पाय लावून ओढलं तेव्हा ते सुटलं. आतून वास आला तो सादळलेल्या पापडाचा आणि जुन्या गोणपाटाचा मिळून असावा तसा.

आत चामड्याच्या म्हणाव्यात अशा पाच वस्तू होत्या. सासरे बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून आणलेलं काळं लेदर जॅकेट. त्याच फेरीत आणलेले बदामी रंगाचे स्वेडचे बूट, पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्यांचाच जाड कमरपट्टा. धाकट्या जावेची तपकिरी पर्स. आणि दाराच्या आतल्या बाजूला एका खिळ्यावर अंगठ्यात अडकवून टांगलेली सासूबाईंची कोल्हापुरी.

जॅकेटच्या खांद्यांवर राखुंडी फासल्यासारखा हिरवट पांढरा थर. बुटांवर पांढरे गोल ठिपके, काही एकमेकांत मिसळलेले. पट्ट्यावर पांढुरकी साय. कोल्हापुरीवर काळे डाग. पर्सचे पापुद्रे सुटलेले.

"सगळ्यालाच बुरा आला," सासूबाई म्हणाल्या. "दरवर्षी मे महिन्यात खोबरेल लावून ठेवते मी. तरी कसा गं येतो?"

या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच होतं. पण ते कळायला मला थोडा वेळ लागला.

पहिली चूक

मी काही बोलायच्या आत भाऊजींनी ओलं फडकं घेतलं आणि उजवा बूट खसाखसा पुसला. बुरशी दिसेनाशी झाली, सगळ्यांना बरं वाटलं. तासाभराने बूट थोडा सुकल्यावर चवड्यावर राखाडी ढग उमटलेला दिसला, त्याच्या कडेला गडद रेघ. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून उभी केलेली लव. (हा शब्द फ्रेंचमधून आला, तिकडे स्वीडनच्या हातमोज्यांना तसं म्हणत.) त्या लवेवर बुरशी सुटी बसलेली असते तोवर ती झटकता येते. ओल्या फडक्याने ती लवेच्या मुळाशी रेटली जाते आणि वर तिला प्यायला पाणीही मिळतं. डावा बूट मी त्यांच्या हातातून काढून घेतला. या दोन बुटांमधला फरक आजही दिसतो.

भिंग आणि हेअर ड्रायर

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, ही अंगवळणी पडलेली सवय. म्हणून आधी प्रत्येक वस्तूवर नेमकं काय आहे ते बघायचं ठरवलं. सासूबाईंचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं आणि एकेक वस्तू पडवीच्या उजेडात नेली.

जॅकेटवर भिंगातून बारीक धागे दिसले आणि धाग्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्यासारखे बिंदू. ही खरी बुरशी. डाव्या बुटावरही तेच.

पट्ट्यावरच्या सायीत मात्र धागे नव्हते. नुसता मेणचट थर, नखाने खरवडला तर नखाखाली मेणासारखा गोळा होणारा. वास नाही. जावेचा हेअर ड्रायर आणला, मंद गरमवर ठेवून वीतभर अंतरावरून धरला. पाच-सात सेकंदांत साय विरघळून चामड्यात गडप झाली. जॅकेटच्या बाहीवर तोच प्रयोग केला, थर जसाच्या तसा. कातडं कमावल्यावर ते मऊ राहावं म्हणून त्यात स्निग्ध पदार्थ मुरवलेले असतात. काही वर्षांनी त्यातली मेदाम्लं पृष्ठभागावर येऊन थिजतात. लोक तिलाच बुरशी समजून व्हिनेगर चोळत बसतात. पट्टा कोरड्या सुती कापडाने पुसला आणि त्याचं प्रकरण तिथेच मिटलं.

पर्सची कहाणी जरा वाईट. तिच्यावर 'अस्सल लेदर' असा बिल्ला होता. सुटलेल्या पापुद्र्याखाली मात्र विणलेलं कापड दिसत होतं. म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा लेप. दमट हवेतली वाफ या लेपाच्या रासायनिक साखळ्या तोडत जाते, वस्तू वापरा किंवा नुसती ठेवा. ठेवणीतल्या बुटांचे तळवे अचानक चुरा होऊन पडतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं. यावर पॉलिश नाही, तेल नाही, काही नाही. जाऊ काही बोलली नाही. पर्स कुठून घेतली होती तेही तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग कोल्हापुरी. तिच्यावरचे काळे डाग बुरशीचे नव्हतेच. सगळ्यांत काळा डाग अंगठ्याच्या आत होता, गोल, बरोबर खिळ्याच्या जाडीचा. पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो, सगळी शिवण चामड्याच्याच वादीची. कातडं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड दमट जागी एकत्र आले की शाई तयार होते. ही अतिशयोक्ती नाही; हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच एक क्षार) यांपासून शाई करायची पद्धत आपल्याकडे जुनीच. खिळ्याने तीन महिने चपलेवर शाई गाळली होती. बाकीचे काळे ठिपके होते तिथे दाराच्या गंजक्या कडीचा स्पर्श होत होता.

तर पाच वस्तूंपैकी बुरशी होती फक्त दोनांवर.

मिठाची बरणी

कोकणात पावसाळ्यात बुरशी येते याचं नवल नाही. पण त्याच खोलीतल्या दुसऱ्या खुंटीवरच्या कापडी पिशवीला काही झालं नव्हतं, आणि जॅकेट मात्र माखलेलं. असं का?

बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात, तुमच्या माझ्या दिवाणखान्यातसुद्धा. त्यांना लागतं ते अन्न आणि ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ते चामड्यावर रुजतात. आमच्याकडे त्या दिवशी आर्द्रतामापक नव्हता, पण स्वयंपाकघरात मिठाची बरणी होती आणि तिला पाणी सुटलं होतं. साध्या मिठाचा गुण असा, की हवा 75 टक्क्यांच्या वर गेली की ते ओल ओढून विरघळू लागतं. त्याखाली असेल तर कोरडं राहतं. म्हणजे मिठाला पाणी सुटलंय त्या घरात चामड्याला बुरशी येणारच, हे बरणीच सांगत होती.

ओल सगळ्यांनाच होती. जॅकेटला मात्र दोन गोष्टी जास्तीच्या मिळाल्या. एक, ड्रायक्लिनिंगहून आलेलं प्लॅस्टिकचं आवरण, जे 'धूळ बसू नये' म्हणून सासूबाईंनी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात आत कोंडलेली वाफ पावसाळ्यात भिंत गार पडल्यावर तिथेच राहिली. आणि दुसरी, खोबरेल. हातात घेतल्यावर जॅकेटचे खांदे चिकट लागत होते. बुरशी सर्वांत दाट होती ती तिथेच. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांना तेल कमी पोचलं होतं, तिथे विरळ. पाठीवर, जिथे सासूबाईंचा हात सहज फिरला असेल, तिथे बोटांच्या रेघा ओळखू याव्यात अशी बुरशीची नक्षी.

बोटीवरचं ते जॅकेट क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, वर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर असलेलं. त्याला वरून तेल पाजायची गरज नव्हती. तेल आत पुरतं शिरत नाही, वर बसून राहतं, धूळ धरतं आणि बुरशीला पान वाढून ठेवतं.

हे सासूबाईंना त्या दिवशी सांगितलं नाही. दोन दिवसांनी गणपती बसायचे होते.

परसातलं काम

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून घरात काहीही झटकायचं नाही हे पहिलं ठरवलं. दोन सरींच्या मध्ये तासभर उघडीप मिळाली, तेव्हा जॅकेट आणि डावा बूट परसात नेले. कोविडच्या वेळचे एन-95 मास्क अजून डब्यात होते, ते लावले. मऊ ब्रश, वाऱ्याकडे पाठ, आणि ब्रश नेहमी एकाच दिशेने बाहेर. गोल गोल घासलं की बीजाणू शिवणीत जाऊन बसतात. खिसे उलटे करून झटकताना आतल्या खिशातून एक सुपारी पडली, हिरव्या मखमलीत गुंडाळल्यासारखी. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. सुपारी सासूबाईंनी बघितली, नंतर मी ती कुठे दिसते का पाहिलं तर नव्हती.

ओलं काम मी गावात केलंच नाही. बाहेर नव्वदच्या घरातली आर्द्रता असताना चामडं पुसून ओलं करायचं, म्हणजे बुरशीला दुसरी पंगत. भाऊजींचं म्हणणं होतं, चुलीजवळ टांगू, लगेच सुकेल. पूर्वी टांगतही असत, आणि धुराने बुरशी दूर राही हेही खरं. पण ओलं चामडं तापलं की आतलं प्रथिन आक्रसतं, चामडं आखडून कडक होतं, आणि ते परत मऊ होत नाही. पाचव्या दिवशी गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, आणि दोन्ही वस्तू जुन्या सुती चादरीत बांधून डोंबिवलीला आणल्या.

डोंबिवली, एसी लावून

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सुकवणीची एकच खात्रीची जागा: एसीची खोली. एसी हवेतलं पाणी गाळून बाहेर टाकतो, ते पाइपातून टपकताना दिसतंच. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक विकत आणला. खोलीत 84 दाखवत होता. दार बंद करून एसी तासभर ड्राय मोडवर चालवला, 58 वर आला. मग कामाला हात घातला.

जॅकेटसाठी मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी आतल्या बाजूला, अस्तराखाली दुमडलेल्या शिलाईवर कापसाचा बोळा लावून पाहिला. बोळा काळा झाला. म्हणजे रंग सुटतो. मग तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून निम्मं सौम्य केलं, पुन्हा बोळा लावला. या वेळी जेमतेम करडा. सौम्य केल्यावर बुरशी मारायची ताकद कमी होते, हे माहीत होतं. पण रंग गेला तर तो परत आणता येत नाही, आणि उरलीसुरली बुरशी कोरड्या हवेत वाढत नाही, म्हणून हा सौदा परवडणारा वाटला.

फडकं ओलं नाही, दमट. एक भाग पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा, फडक्याची घडी बदलायची. सहा फडकी लागली. मग खांद्यांवरचा तेलाचा चिकटा काढायला ग्लिसरीन साबणाचा नुसता फेस, पाणी न घेता, आणि तो दमट फडक्याने उतरवला. तेल पूर्ण निघालं नाही. जे मुरलं ते मुरलं. खांद्यांचा काळा आजही बाकीच्यापेक्षा गडद आहे.

वास मात्र चामड्याला नव्हता, अस्तराला होता. हे बहुतेक जण विसरतात. अस्तराला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून बोळ्याने टिपलं, जॅकेट उलटं करून रुंद खांद्याच्या हँगरवर एसीच्या खोलीत दोन रात्री ठेवलं. खिशांत खाण्याच्या सोड्याच्या पुरचुंड्या. चौथ्या दिवशी व्हिनेगरचा वास गेला, सहाव्या दिवशी कुबट वासही. त्यानंतरच लेदर क्रीम, वाटाण्याएवढं, आणि तेही पुसून घेतलं.

बुटांना जास्त वेळ लागला. डावा: व्हॅक्युम क्लीनरचं तोंड अर्धं बोट वर धरून बीजाणू ओढून घेतले, लव जुन्या मऊ टूथब्रशने उभी केली, मग व्हिनेगर-पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं पांढरं फडकं. फडकं फक्त ठिपक्यांवर नाही, पूर्ण बुटावर फिरवलं, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. डागापुरतंच ओलं केलं की पाणी सुकताना रंग आणि मळ कडेला ढकलतं, तिथे भरतीच्या रेषेसारखी किनार उरते. भाऊजींच्या फडक्याने उजव्या बुटावर हेच केलं होतं. आत कोरे पांढरे कागद कोंबले. वर्तमानपत्र नाही, त्याची शाई बदामी स्वेडला लागते. सुकल्यावर खोडरबर घेऊन राहिलेल्या चार-पाच सावल्या हलक्या हाताने घासल्या. डावा बूट म्हणण्यासारखा झाला.

उजवा नाही. किनार गेली, कारण सगळा बूट सारखा ओलावून ती रेघ पसरवून टाकली. पण चवड्यावरचा राखाडी ढग तसाच. बुरशी मेली तरी तिने सोडलेला रंग धाग्यांत राहतो. तो डाग आहे, जिवंत काही नाही. घरात एकाने ब्लीच सुचवलं. ब्लीच चामड्यावर चालत नाही. ते प्रथिनच पोखरतं, बुरशी जाईल आणि बूटही.

कोल्हापुरीचं काम त्या मानाने गमतीचं. लिंबाचा रस दुप्पट पाण्यात मिसळून कापसाने अंगठ्यातल्या काळ्या कड्यावर लावला. सायट्रिक आम्ल लोखंडाला धरून ठेवतं आणि शाईचा काळेपणा उतरतो. दोन मिनिटांनी कड्याचा काळा रंग तपकिरी होताना डोळ्यांसमोर दिसला. दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही, कारण आम्लाने हिरड्याचा मूळ रंगही उजळायला लागतो. मग साध्या पाण्याने पुसून आम्ल काढलं आणि पुन्हा तेच तत्त्व: दोन्ही चपलांचे पट्टे, कान, सगळं एकसारखं दमट करून सावलीत वाळवलं. ऑक्झॅलिक आम्लाने डाग आणखी गेला असता. ते विषारी, आणि घरात नातवंडं. राहू दे म्हटलं.

कोल्हापुरीला मात्र तेलाचं बोट लावलं. झाडपाल्याने कमावलेलं, वर लेप नसलेलं कातडं वाळलं की तडकतं. त्याला थोडी स्निग्धता लागते. लावली ती वापरायच्या आदल्या दिवशी, ठेवून द्यायच्या आदल्या दिवशी नाही.

सासूबाईंशी बोलणं

हे बोलणं मी टाळत होते. शेवटी जॅकेट समोर ठेवून त्यांना पाठीवरच्या फिकट रेघा दाखवल्या. त्यांनी आपला हात त्यावर ठेवला, बोटं जुळली.

"म्हणजे मीच खायला घातलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, प्लॅस्टिकने जास्त केलं."

"खोटं बोलू नकोस."

मग त्यांनीच सांगितलं, की बाबा घरी असत तेव्हा पावसाळ्यातही संध्याकाळी कपाट उघडं ठेवत आणि आत झिरोचा दिवा लावून ठेवत. झिरो म्हणतात, पण तो दिवा दहा-पंधरा वॉट खातोच, आणि तेवढ्या उष्णतेने कपाटातली हवा दोन-तीन अंश वर चढते. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, पाणी तेवढंच असलं तरी. इंजिनरूममधल्या माणसाला हे माहीत असणार. ते गेल्यावर दिवा बंद झाला आणि त्याच्या जागी तेल आलं. बंद घरात तीन महिने दिवा चालू ठेवणं आज मला धाडसाचं वाटतं, तिथली वीज पावसात कितीदा येते-जाते हे बघता. माणूस राहत असेल तर गोष्ट वेगळी.

कपाटात पूर्वीपासून डांबराच्या गोळ्याही होत्या, मूठभर. त्या किड्यांसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

यंदा

जॅकेट आणि बूट आता डोंबिवलीतच असतात, खोलीच्या आतल्या भिंतीकडच्या कपाटात, सुती पिशवीत, वस्तूंमध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या ठेवल्यात. नारिंगीच्या हिरव्या झाल्या की ओव्हनमध्ये तापवून परत. जुलैत कॉलरच्या मागे दोन ठिपके आले होते. मापक 71 दाखवत होता. कोरडा ब्रश, सौम्य केलेलं अल्कोहोल, एक रात्र एसी, संपलं. उजव्या बुटावरचा ढग आहे तिथेच आहे आणि नवरा तेच बूट घालून लग्नाला जाऊन आला.

कोल्हापुरी सासूबाईंनी इथे ठेवू दिली नाही. ती गावीच, पण खिळ्यावरून उतरून सुती फडक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीपासून लांब. खालच्या फळीवर त्यांनी काचेच्या वाटीत मूठभर मीठ ठेवलंय. शेजारच्या काकांकडे किल्ली असते. ते दर रविवारी येऊन दारं-खिडक्या दोन तास उघडतात आणि वाटीत डोकावतात. जूनच्या तिसऱ्या रविवारी त्यांचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकरवर घेतला.

"वहिनी, मिठाला पाणी सुटलं हो."

"चप्पल घरी घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुमच्या चुलीपासून हातभर लांब टांगा. दोरीवर. खिळ्यावर नको."